बारा ओळींची हजेरी

गोरेगाव
१७ नोव्हेंबर २०२५

चि. शामकलास अनेक आशीर्वाद.

आज पहाटे पुन्हा तो आवाज ऐकू आला. बारा पोरांचा, एकामागून एक. कोणी नाकातून, कोणी घशातून, कोणी अर्धी झोप गिळत.

उठले डोंगर, उठले रान
पाखरांनी टवकारले कान
धुके निघाले घरी आपुल्या
वाटेवरती कळ्या उमलल्या...

मी अंथरुणातच पुढच्या ओळी म्हणत होतो. सुशीला म्हणाली, "कोणाशी बोलून राहिले?" म्हटलं, हजेरी घेतो आहे. "रिटायर होऊन साडेसात वर्षं झाली, आता कोण गैरहजर राह्यला तुमचा?" असं म्हणून ती चूल पेटवायला गेली. गॅस आहे घरी, पण अंघोळीचं पाणी तिला चुलीवरचंच लागतं.

आपल्या टोल्याच्या वस्तीतल्या शाळेची हजेरी बाहेर कोणाला सांगितली तर विश्वास बसत नाही. नाव पुकारायचं नाही, "हजर" म्हणायचं नाही. मी रचलेल्या कवितेची एकेक ओळ एकेका पोराला वाटून दिलेली. एकाने म्हटली की दुसऱ्याने आपली म्हणायची. बारावी ओळ झाली की कविता पूर्ण, हजेरी पूर्ण. हजेरीपत्रक तुझ्या मांडीवर असायचं, आणि मी माझ्या टेबलाशी डोळे मिटून ऐकत असायचो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एवढंच एक सुंदर काम झालं असं मला वाटत आलं आहे.

पत्राचं कारण वेगळं आहे. परवा आठवडी बाजारात कैलाश पटले भेटले, आपल्या केंद्रातले शिक्षक. हातात मेथीची जुडी, आणि बाजाराच्या मधोमध उभे राहून मोठ्याने म्हणाले, "शामकलाचं तं गेलं म्हणून समजा, गुरुजी. पंधरा जानेवारीले शेवटची सुनावणी हाय म्हणते. बडतर्फीची शिफारस झाली."

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी?

"कोर्टात केस होती ना, म्हणून लटकली होती. आता चालू झाली. तुम्ही तं हेडमास्तर होते तिथं. तुमाले काही विचारलं नाई?"

"विचारलं होतं."

"मंग?"

मी म्हटलं, सांगितलं जे सांगायचं ते. आणि मी वांगी पाहू लागलो.

आपल्या बारांतली चंचल बोडीच्या तळ्यात बुडाली त्यालाही साडेसात वर्षं झाली. त्या दिवशीच्या हजेरीपत्रकात ती हजर आहे आणि खाली तुझी सही आहे. म्हणजे पोरगी शाळेत आली, मग वर्गशिक्षिकेची नजर चुकवून बाहेर गेली आणि पाण्यात पडली. सगळं प्रकरण एवढ्यावर उभं आहे. तुझं निलंबन झालं, मग सालेकशाकडच्या कुठल्या कोपऱ्यात बदली झाली. आता तू मुर्रीला राहून रोज तिकडे जातेस असं ऐकलं. मला या सगळ्याचं फार वाईट वाटतं, एवढं कळवण्यासाठी हे पत्र.

माझ्यासारख्या म्हाताऱ्याकडून काही मदत होण्यासारखी असेल तर जरूर कळव.

तुझा,
देवचंद कापगते गुरुजी

*

गोरेगाव
१ डिसेंबर २०२५

चि. शामकलास आशीर्वाद.

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. तू कामात असशील. धानाची मळणी सुरू आहे, रस्त्याने ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. पत्रंही उशिरा पोचतात.

मध्यंतरी एका लग्नाला जाताना टोल्यावरून गेलो. गाडी थांबवून घेतली. शाळा बंद झाली तेव्हापासून मी तिकडे पाहिलंच नव्हतं. कुलूप गंजलेलं. व्हरांड्यात कोणाची तरी धानाची तणस रचलेली, भिंतीवर मी रंगवलेलं मोराचं चित्र तणशीच्या मागे मानेपर्यंत गेलेलं. खिडकीतून आत पाहिलं, फळ्यावर कोणीतरी क्रिकेटचा स्कोअर लिहून ठेवला आहे. तुला आठवतं, दहाच्या आत पट गेला की शाळा बंद करणार असा कागद आला होता आणि आपण दोघं त्या बारा पोरांना कसं जपत होतो? आपण जपलं, तरी दीडच वर्षात बंद झाली. आता टोल्याची पोरं ऑटोत कोंबून इथे गोरेगावला येतात. टाय बांधतात.

नागपूरहून माझी नात राखी दिवाळीला आली होती. तिला हौसेने आपली हजेरीची कविता म्हणून दाखवली. ऐकून घेतलं बिचारीने. मग म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे मशीन आहे. अंगठा लावला की प्रेझेंट." मी म्हटलं, त्यात काय मजा? ती म्हणाली, "मजा नाही, पण कोणी दुसऱ्याची लावू शकत नाही ना." अकरा वर्षांची आहे. तिला काय ठाऊक आपण काय बोललो ते. मी उठून अंगणात गेलो आणि बराच वेळ तुळशीला पाणी घालत राहिलो. सुशीला आतून ओरडली, "सडवता का तिले?"

तू चौथीत होतीस तेव्हाचं आठवतं. दवनीवाड्याची शाळा, माझी नोकरी नवी, कुरळ्या केसांची शामकला बिसेन. कविता म्हणताना तू हातवारे करत नव्हतीस. बाकीची पोरं चंद्र म्हटलं की वर बोट, फूल म्हटलं की हाताची ओंजळ. तू हात पाठीमागे बांधून, समोर पाहत म्हणायचीस. मी विचारलं, हात का बांधतेस? म्हणालीस, "हात हालले तं शब्द सांडते, गुरुजी." इतक्या लहान तोंडातून! त्या दिवशी घरी जाऊन मी सुशीलेला सांगितलं की माझ्या वर्गात एक मास्तरीण बसलेली आहे. आणि वीस वर्षांनी तू खरंच माझ्याच शाळेत सहायक शिक्षिका होऊन आलीस. मला मुलगी नाही. तुला ते माहीत आहे.

निरोप समारंभाला तू आली नाहीस. निलंबित होतीस, कशी येणार. पण माझे डोळे दाराकडेच होते.

त्या सकाळी तू हजेरी झाल्यावर माझ्या टेबलापाशी आली होतीस, खरं आहे. काहीतरी बोलणं झालं. नेमकं काय ते आता इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही. वयाचा दोष.

प्रकृतीला जप. थंडी वाढते आहे.

देवचंद गुरुजी

*

गोरेगाव
१२ डिसेंबर २०२५

शामकला,

दोन्ही पत्रं परत आली. पोस्टमनने पाकिटं पालथी करून दाखवली. "घेण्यास नकार लिहून आलं, गुरुजी. दोन्हीवर." तो मनाने चांगला माणूस आहे, माझाच विद्यार्थी. वर म्हणाला, "पत्ता चुकला असंल." पत्ता चुकला असता तर शेरा वेगळा असता, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

चांगलं झालं तू उघडली नाहीस. त्या दोन्ही पत्रांत मी तुझ्याशी तसाच बोललो जसा चौकशी अधिकाऱ्याशी बोललो होतो. आठवत नाही हे खोटं आहे. मला सगळं आठवतं.

पाच एप्रिल २०१८. सकाळची शाळा. मोहाचे दिवस. पोरं पहाटे चारला आईबापाबरोबर टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जायची, काही सातपर्यंत यायची, काही थेट खिचडीच्या वेळेला. त्या महिन्यात वर्गात खरी सात-आठच पोरं. आणि तरी कविता पूर्ण व्हायची, कारण जो नाही त्याची ओळ दुसरा म्हणायचा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मध्येच ओळ गळली की त्यांना ते सहन होत नसे. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा रागावलो नाही. माझं मन भरून आलं. मला वाटलं, केवढी ही माया, गैरहजर मित्राची जागासुद्धा रिकामी ठेवत नाहीत! आणि मी तुला सांगितलं की ओळ आली तर हजर लिहायचं.

तू म्हणालीस, "सर, ओळ आली. पोर कुठं आहे?"

मी हसलो होतो. तू फार रोखठोक आहेस असं म्हणालो होतो. पट राखायचा होता हे खरंच, पण सगळं पटावर ढकलणार नाही. मला ती न तुटणारी कविता आवडत होती.

त्या दिवशी पाचवी ओळ दिव्याने म्हटली. चंचलची ओळ, "मी तर आले सर्वांआधी." दिव्याची स्वतःची सहावी, "सूर्य अजुन हा झोपेमधी." दोन्ही तिने एका दमात म्हटल्या, पहिली चंचलचा किनरा आवाज काढून. पोरं हसली. माझे डोळे मिटलेलेच होते, मीही हसलो.

मग तू आलीस. हजेरीपत्रक छातीशी धरलेलं. तुझे शब्द असे होते: "सर, चंचलच्या आईला मी येताना मोहाखाली पाहिलं. एकटीच होती. मी हाक मारून विचारलं, तर म्हणाली पोरगी केव्हाच निघाली. ती तिथे नाही, इथे नाही. खिचडीवाल्या बाईंच्या गुलशनला बोडीच्या वाटेनं पाठवू का?"

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ तुझ्या डोक्यावरच होतं.

मी म्हणालो, "कविता पूर्ण झाली ना? लिही हजर. येईल ती, कुठे फुलपाखरं धरत असेल. उद्या केंद्रप्रमुख येत आहेत." आणि मी मान खाली घातली. उद्यासाठी स्वागतगीत रचत होतो. तिसऱ्या कडव्यात यमक जुळत नव्हतं.

 मग जाऊन लिहिलंस. तुझ्या पेनने, तुझ्या अक्षरात.

दहाला खिचडी. बाईंनी बारा ताटल्या मांडल्या, एक उरली. "कोण नाई?" म्हणून त्यांनी विचारलं आणि दिव्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, चंचल सकाळपासून आलीच नाही. साडेदहाला बोडीच्या काठावर चपला दिसल्या.

आम्ही कोहळी. तलाव बांधणाऱ्यांची जात म्हणून मी आयुष्यभर मिरवलं, पोरांना मोठमोठी वर्णनं ऐकवली. तळ्यात उतरायचा काठ कसा हळूहळू खोल व्हायला पाहिजे हे आमच्या घरातल्या बायकांनासुद्धा ठाऊक असतं. आदल्या उन्हाळ्यात कंत्राटदाराने जेसीबी लावून बोडीतला गाळ उपसला होता. काठ सरळ कापलेला, भिंतीसारखा. मी रोज तिथून जात होतो. माझ्या डोळ्यांना ते दिसलं होतं आणि मी मनात म्हटलं होतं, पाण्यात आभाळ आता जास्त खोल दिसतं.

सव्वासातला गुलशन त्या वाटेने गेला असता तर? मी हा प्रश्न कोणाला विचारू, शामकला? डॉक्टरने कागदावर वेळ लिहिली ती सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान. सहा ते नऊ. त्यात सातही आले आणि आठही.

दुपारी शाळेच्या अंगणात बायजाबाई आली. मांडीवर पोरगी नव्हती, तिला गोंदियाला नेलं होतं, पण हात मांडीवर पोर असल्यासारखेच धरले होते. तुला म्हणाली, "शिक्षणीबाई, मी माह्या हातानं धाडली तिले. सीधी शाळंत जाय म्हटलं. आली ना ती? लिवलं हाय ना तुमच्या बुकात? मंग कोठी सोडली माही पोट्टी? तुले लेकरू नाई म्हणून तुले कदर नाई का?"

 तू माझ्याकडे पाहिलंस. सगळं गाव तिथे होतं, आणि मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी आत गेलो आणि बायजाबाईसाठी पाण्याचा लोटा घेऊन आलो.

चौकशीत विचारलं, तुम्हाला कल्पना होती? मी म्हणालो, हजेरी वर्गशिक्षिका घेतात. यातला एक शब्दही खोटा नाही, बघ. तू टेबलापाशी आली होतीस असं तू सांगितलंस. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बाई मनाने फार खचल्या आहेत.

आणि दिव्या. आठ वर्षांची. तिला घाबरवू नका, मी विचारतो, असं मीच म्हणालो. जवळ घेतलं तिला. "बाळ, त्या दिवशी कविता पूर्ण झाली होती ना?" ती म्हणाली, हो. "मध्ये कुठे तुटली नाही ना?" नाही म्हणाली. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, बाराही विद्यार्थी उपस्थित होते. दिव्या माझ्याकडे बघत राहिली, अजून काही विचारतील म्हणून. तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

शेवटचे दोन महिने राहिले होते नोकरीचे. मला वाटायचं, पोरं रांगेत उभी राहून कविता म्हणतील, गाव निरोप देईल, आणि तसंच झालं. बायजाबाई आली होती. वाकून पाया पडली. "तुमच्यापायी पोट्टी हासत शाळंत जाये, गुरुजी." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात आता मी कुठे ठेवू?

हे पत्रही परत येईल कदाचित. मी तरी टाकणार. आणि यापुढे नुसती पत्रं लिहीत बसणार नाही.

देवचंद

*

गोरेगाव
२४ डिसेंबर २०२५

शामकला,

सोमवारी गोंदियाला जाऊन आलो. चार पानी निवेदन, स्वतःच्या अक्षरात. कार्यालयातला बाबू तरुण होता. पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं, मधली दोन वाचलीच नाहीत.

"गुरुजी, सात साल हो गए. अब क्यों?"

मी म्हटलं, पंधरा तारखेला सुनावणी आहे म्हणून.

"आपकी पेन्शन पे बात आ सकती है, मालूम है ना? पुलिस का भी लफडा है." मग आवाज खाली आणून मराठीत म्हणाला, "घरी विचारून आले का?"

मी म्हटलं, शिक्का मारा.

त्याने मारला. म्हणाला, आता फेरसाक्ष होईल, सगळ्यांना नोटिसा निघतील, तुम्हालाही येईल. एक प्रत तुला मिळेल असंही म्हणाला. मी प्रतीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर येऊन चहा घेतला. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नुसती भूक लागली.

घरी विचारून गेलो नव्हतो. परत आल्यावर सुशीलेला सांगितलं, सगळं, पहिल्यांदा. ती तांदूळ निवडत होती. खडे बाजूला काढता काढता ऐकत राहिली.

"म्हंजे सात वर्षं ह्या घरात मी त्या शामकलाले नावं ठेवून राह्यली," ती म्हणाली, "आन् तुम्ही बाजूले बसून जेवून राह्यले?"

मीही तांदळातले खडे शोधू लागलो.

"मले काऊन नाई सांगितलं? मी का केंद्रप्रमुख होती?"

दोन दिवस नुसतं ताट वाढायची, सरकवायची. आज सकाळी म्हणाली, "गोंदियाले गेले, हापिसाले सांगून आले. तिच्या मायले सांगितलं?"

ते मी तुला लिहिणार नव्हतो, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे. गोंदियाहून येताना मी टोल्याच्या फाट्यावर उतरलो होतो. तिथून चालत दीड कोस. थोडा चाललो. एका ठिकाणी पळसाच्या झाडाखाली गवताचा भारा घेऊन एक बाई येताना दिसली. लांबून बायजाबाईसारखी वाटली. मी मागे वळलो. झपाझप, माझ्या गुडघ्यांना शोभणार नाही असा. फाट्यावर जीप मिळाली आणि घरी आलो. ती बाई दुसरीच कोणी असेल. मी पाहिलंच नाही.

कागदाला सांगणं सोपं होतं. कागद मांडीवर हात धरून बसत नाही.

तिला आजही वाटतं की पोरगी शाळेत पोचली होती. तुझ्यावर रागावली, पण त्या रागात तिची एक सोय आहे: आपण पाठवलं, पोर सुखरूप पोचली, पुढचं पाप दुसऱ्याचं. मी जाऊन सांगायचं की नाही, बाई, ती पोचलीच नव्हती, तू पाठवलंस त्याच वाटेवर गेली. आणि आम्ही इथे तिची ओळ म्हणून हसत होतो. आणि शिक्षिका तिला शोधायला माणूस पाठवत होती, तिला मी अडवलं. हे तीन वाक्यांत सांगता येतं. मी पाठ करून पाहिलं.

नव्या वर्षाच्या आधी जाऊन येईन.

देवचंद

*

गोरेगाव
७ जानेवारी २०२६

शामकला,

तुझं कार्ड काल मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर. अजून तसंच, उभं, काना वरपर्यंत ताणलेला. किती वेळा वाचलं ते सांगत नाही. वाचायला दोनच ओळी आहेत.

"निवेदनाची प्रत मिळाली. बायजाबाईला कोणी सांगितलं?"

नमस्कार नाही, सर नाही, गुरुजी नाही. बरोबर आहे. आभार नाहीत तेही बरोबर. हातातलं काढून घेतलेलं कोणी सात वर्षांनी परत केलं तर आभार मानत नाहीत.

उत्तर असं: कोणीच नाही. नवं वर्ष लागून आठवडा झाला. पहिल्या दिवशी गुडघा धरला होता. दुसऱ्या दिवशी ढग होते. तिसऱ्या दिवसाचं मला काही कारण सांगता येत नाही. आज सकाळी मात्र धोतर नेसून तयार होतो. सुशीलेने बरोबर न्यायला डबा बांधला. म्हणाली, "तुम्ही निघालं पायजे, बस. तिथं काय बोलाव ते तिथं सुचंल." नऊची गाडी धरायची म्हणून बसून तुला हे दोन शब्द लिहीत होतो, की आज जातो आहे. वरचं सगळं त्याच वेळी लिहिलं. नऊला पंधरा मिनिटं होती.

आता खालचं घाईत लिहितो आहे. अक्षर समजून घे.

फाटकाची कडी वाजली. मला वाटलं दूधवाला. सुशीलेने दार उघडलं आणि ती दारातच थबकली, म्हणून मी बाहेर गेलो. ओसरीच्या पायरीखाली बायजाबाई उभी. वाळली आहे पार. पायाला टोल्याची लाल माती, म्हणजे फाट्यापर्यंत चालत आली. कमरेला खोचलेलं एक पाकीट तिने काढलं, दोन्ही हातांनी धरलं.

"हाव का घरी, गुरुजी? चांगलं झालं. वाटंत म्हणून राह्यली होती, घरी असले पायजे माय."

मी म्हटलं, ये, बस.

"काल डाकवाला देऊन गेला. अंगठा घेतला माह्या. गोंदियाचं हाय म्हणे, चंचलचं नाव हाय म्हणे त्यात." पाकीट उघडलेलंसुद्धा नव्हतं. "पोरगा विक्की हैदराबादले कामाले गेला. सरपंचाचा पोरगा म्हणे मी वाचून देतो. मी म्हटलं, नाई बाबा. माह्या पोरीचं नाव ज्यात हाय ते मी दुसऱ्याकून नाई वाचून घेत. तिचे गुरुजी हायेत अजून."

शामकला, त्या नोटिशीत काय आहे ते मला माहीत आहे. माझ्याकडेही तीच आली आहे, परवा. तिच्या तिसऱ्या परिच्छेदात माझं नाव आहे आणि पुढे लिहिलं आहे की सदर विद्यार्थिनी त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती.

मी पाकीट हातात घेतलं. म्हटलं, थांब, चष्मा आणतो. आणि आत आलो. चष्मा माझ्या डोळ्यांवर आहे. पाच मिनिटं झाली, मी टेबलाशी उभा राहून हे लिहितो आहे. बाहेर सुशीलेने तिला पाणी दिलं, ते पिताना तिच्या बांगड्या वाजल्या.  सुशीला सांगणं माझ्यावर सोडून दारात पाठ टेकून उभी आहे, बाहेर जायची वाट तेवढी मोकळी ठेवून.

ओसरीवरून आवाज आला. "सापडला का, गुरुजी? नसंल तं राहू द्या, मी बसते. मले घाई नाई."

नाही, तिला बसवून ठेवायचं नाही आता. पाकीट न फोडताच सांगेन. कागदाआधी मी.

जातो.